ओसूची जटा आणि पोतराजाचे केस

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत भगवान बुद्धांचा उपदेश, परमपूज्य बाबासाहेबांचे कार्य, धम्मचळवळीचा इतिहास अशा विषयांवर लेख असतात आणि ते असायलाच हवेत. यंदा आम्ही मात्र थोडी वेगळी वाट धरली आहे. आफ्रिका खंडातील नायजेरिया या देशात इग्बो नावाचा समाज आहे. त्या समाजातील जुनी रीत, जुने देव आणि गोऱ्यांचे राज्य आल्यावर झालेली उलथापालथ यांवर काही थोर कादंबऱ्या लिहिल्या गेल्या. काशीगावात राहणाऱ्या बौद्ध बांधवांना त्या दूरदेशीच्या कथांचे काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर एवढेच की, त्या कथा वाचताना आम्हांस पानोपानी आपला महारवाडा, मांगवाडा, मरीआईचे देऊळ आणि १९५६ ची ती दसऱ्याची सकाळ आठवत राहिली. जे आम्हांस आठवले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम त्या समाजाची ओळख करून घेऊ. नायजेरियाच्या आग्नेय भागात, नायजर नदीच्या पूर्वेस मुख्यतः इग्बो लोक राहतात. त्यांच्या बहुतेक गावांना राजा नव्हता. गावातील मोठी माणसे चावडीवर जमावीत तशी मोकळ्या मैदानात जमत आणि निर्णय घेत. मान जन्मावर नव्हे, तर कष्टावर मिळे. ज्याच्या कोठारात सुरणासारखा याम हा कंद भरपूर, ज्याने गावाला जेवण घालून पदव्या घेतल्या, तो मोठा. भूमी ही मोठी देवता होती. पूर्वजांचे मुखवटे घालून वडीलधारे न्यायनिवाड्यास बसत. प्रत्येक माणसाचा स्वतःचा एक देव असतो, त्याला ते 'ची' म्हणत. तो साथ देतो किंवा देत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. आलेल्या पाहुण्याला कोला नावाचे फळ फोडून देण्याची त्यांची रीत आपल्याकडील पानसुपारीची आठवण करून देते.

या समाजात १६ नोव्हेंबर १९३० रोजी ओगिदी या गावी चिनुआ अचेबे यांचा जन्म झाला. वडील ख्रिस्ती झालेले आणि मिशनच्या कामात. १९५८ साली अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. इंग्रजांनी आफ्रिकेविषयी लिहिलेल्या पुस्तकांत तेथील माणसे रानटी दाखवलेली असत. आमच्याही गावाला न्याय होता, भाषा होती, म्हणी होत्या, माणुसकी होती, हे जगाला सांगण्यासाठी अचेबे यांनी लेखणी हाती घेतली. २०१३ साली त्यांचे निधन झाले, पण ही कादंबरी आजही जगभर वाचली जाते.

कादंबरीचा नायक ओकोंक्वो हा उमुओफिया गावचा कसलेला पैलवान आणि कष्टाळू शेतकरी. बाप आळशी आणि कर्जबाजारी होता, म्हणून आपल्याला कोणी दुबळे म्हणू नये ही एकच भीती त्याच्या काळजात घर करून बसलेली. दुसऱ्या गावाने खुनाच्या भरपाईसाठी दिलेला इकेमेफुना नावाचा मुलगा त्याच्या घरी तीन वर्षे राहतो, त्याला बाप मानतो. पुढे देवाचा कौल येतो की मुलाला मारा. एक वृद्ध बजावतो की, तू त्यात हात घालू नकोस. तरीही लोक आपल्याला भित्रा म्हणतील या धास्तीने ओकोंक्वो स्वतः त्या पोरावर वार करतो. ओकोंक्वोचा मुलगा न्वोये याच्या मनात त्या दिवशी काहीतरी कायमचे तुटते. जुळी मुले अशुभ मानून जंगलात टाकून देण्याची चालही त्या गावात होती. टाकलेल्या त्या तान्ह्या मुलांचे रडणे न्वोयेने ऐकलेले असते.

अचेबे यांचा मोठेपणा इथे दिसतो. आपला जुना समाज म्हणजे स्वर्ग होता, असे ते म्हणत नाहीत आणि नरक होता असेही म्हणत नाहीत. गावाची शिस्त, सण, पाहुणचार यांचे त्यांनी प्रेमाने वर्णन केले आहे. त्याच हाताने त्यांनी जुळ्यांचे रडणे आणि इकेमेफुनाचा खूनही लिहिला आहे. आपल्या माणसांविषयी लिहिताना इतके खरे बोलणे सोपे नसते.

पुढे गोरे मिशनरी येतात. म्बान्टा नावाच्या गावात ते चर्चसाठी जागा मागतात. गावकरी हसतात आणि त्यांना 'दुष्ट रान' देऊन टाकतात. भयंकर रोगांनी मेलेल्यांना जिथे टाकत, ते हे रान. चार दिवसांत हे लोक मरतील, अशी सर्वांची खात्री. चार दिवस जातात, गावाने देवांच्या कोपासाठी धरलेली अठ्ठावीस दिवसांची मुदतही संपते, कोणी मरत नाही. मग पहिल्यांदा चर्चमध्ये कोण जाते? ज्यांना गावात काही किंमत नव्हती, ते जातात. जिची जुळी मुले एकामागून एक रानात टाकून दिली होती, अशी एक गरोदर बाई जाते. न्वोये जातो. आणि शेवटी जातात ते ओसू.

ओसू म्हणजे कोण, हे आपण नीट समजून घ्यावे, कारण या लेखाचा गाभा तोच आहे. ओसू म्हणजे देवाला वाहिलेला माणूस. तो एकदा वाहिला की तो, त्याची मुले, नातवंडे सारीच ओसू. त्यांनी देवस्थानाजवळ वेगळे राहायचे. स्वतंत्र कुळातील माणसांशी त्यांचा बेटीव्यवहार नाही. गावाच्या सभेत त्यांना जागा नाही, पदवी नाही. मेल्यावर पुरायचे तेही त्या दुष्ट रानातच. ओसूची खूण म्हणजे त्याचे लांब, गुंतलेले, मळलेले केस. त्या केसांना वस्तरा लावायचा नाही, लावला तर देव मारील, ही भीती.

वाचकहो, हे वर्णन वाचताना कोणाची आठवण होते? आम्हांस तर पोतराज आठवला. मरीआईला नवस बोलायचा आणि पोटचा पोर तिला वाहायचा. मग त्याने केस कापायचे नाहीत, कपाळाला मळवट भरायचा, कमरेला खणांचा घागरा आणि घुंगरू बांधायचे, अंगावर आसूड ओढत दारोदार फिरायचे. मुलगी वाहिली तर ती खंडोबाची मुरळी किंवा यल्लम्माची जोगतीण. सगळ्या गावाची पटकी-देवी आपल्या अंगावर घ्यायची ती आपल्याच पोरांनी. सवर्णांच्या वाड्यातून मरीआईला नैवेद्य येई, पण पोतराज काही वाड्यातून येत नसे. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' (१९८६) या आत्मकथनात महारवाड्यातील आषाढ महिना, बायांच्या अंगात येणारी मरीआई, घरातील थोरला मुलगा देवीला सोडण्याची चाल हे सारे लिहून ठेवले आहे. ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. जो समाज वर्षभर उपाशी आणि अपमानित, त्याला देव अंगात येण्याच्या त्या चार दिवसांत तेवढा मान मिळे, हे त्यातील निरीक्षण मनाला चटका लावते.

तर कादंबरीत ओसू चर्चच्या दाराशी येतात. तेव्हा त्यांना विरोध कोणी केला? गावाने नव्हे, नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनीच केला. हे आमच्यात बसले तर लोक आम्हांला नावे ठेवतील, अशी त्यांची तक्रार. तेथील धर्मोपदेशक किआगा हा गोरा नव्हे, त्यांच्याच वंशाचा साधा शिक्षक. तो ठाम राहतो. देवापुढे दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, असे तो त्यांना समजावतो आणि ओसूंना सांगतो की, आधी हे केस उतरवा. ते भीत भीत केस उतरवतात. ते मरत नाहीत. दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीसारखाच उगवतो. मग उरलेले ओसूही येतात आणि पुढे तेच त्या धर्माचे सर्वांत निष्ठावंत अनुयायी ठरतात.

पोतराजाचे केस उतरवणे हा आपल्याही चळवळीतील एक मोठा कार्यक्रम होता आणि आजही तो ठिकठिकाणी होत असतो. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली सुरू केलेल्या 'सोमवंशीय मित्र' मासिकातून मुरळीच्या चालीविरुद्ध आवाज उठवला होता. कात्रीचा पहिला घाव बसतो तेव्हा त्या पोराच्या आणि त्याच्या आईच्या डोळ्यांत जी भीती असते, ती अचेबे यांनी पाहिलेलीच भीती होय. आणि केस पडल्यावर काहीच होत नाही हे पाहून जो सुस्कारा सुटतो, तोही तोच. एका सुस्काऱ्यात कित्येक पिढ्यांचे भय निघून जाते.

आता परकीय सत्तेचा प्रश्न पाहू. इथे साम्याबरोबर मोठा फरकही आहे. उमुओफियात गोरे साहेब आले, त्यांनी कोर्ट बसवले, शिपाई नेमले, गावाच्या पुढाऱ्यांना कपटाने पकडून कोठडीत त्यांची विटंबना केली. म्हणजे गावाचा कारभार त्यांनी मोडला. जिथे राजा नव्हता तिथे त्यांनी सरकारी सनद देऊन आपले मुखिया नेमले. याविरुद्ध १९२९ साली इग्बो आणि शेजारच्या मुलखातील हजारो बायका उठल्या होत्या, हा इतिहास आहे.

आपल्याकडे इंग्रजांनी काय केले? वरचा राजा काढला, पण गाव तसेच ठेवले. पाटील-कुलकर्णी ठेवले आणि महारही ठेवला. १८७४ च्या वतन कायद्याने त्यावर सरकारी शिक्का मारला. कारण सरळ आहे. सरकारी पत्र पोचवणे, खजिन्याबरोबर चालणे, साहेबाच्या घोड्यापुढे धावणे, मेलेली गुरे ओढणे, मयताचा सांगावा नेणे, ही कामे रात्री-अपरात्री जवळजवळ फुकटात करणारा माणूस त्यांनाही हवाच होता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात या वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे बिल आणले, ते मंजूर झाले नाही. इंग्रज गेले तरी वतन राहिले. ते रद्द करण्याचा कायदा झाला १९५८ साली आणि अमलात आला १ ऑगस्ट १९५९ पासून. म्हणजे अचेबे यांची कादंबरी छापून आली त्या वर्षी कायदेशीरपणे आपला वेसकर अजून घुंगराची काठी घेऊन भाकरी मागत होता.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पलटणीत महारांना शिरकाव मिळाला, पलटणीच्या शाळेत लिहिणे-वाचणे मिळाले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे अशाच शाळेत शिक्षक होते. पुढे १८९० नंतरच्या काळात इंग्रजांनीच महारांची भरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांसारख्या पेन्शनर सैनिकांनी अर्ज लिहून सरकारला जाब विचारला. हातात बंदूक असताना जे शिकले ते हातात लेखणी घेऊन त्यांनी वापरले. रेल्वे, गिरण्या, गोदी यांमुळे गाव सोडण्याची वाट सापडली. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केली, यावरून त्यांची नजर किती दूरवर होती ते दिसते. म्हणून आपल्या इतिहासात परकी सत्ता ही फक्त मोडतोड करणारी नाही आणि तारणहारही नाही. तिने एक दार किलकिले केले आणि बेडी तशीच ठेवली, असे म्हणणे आम्हांस योग्य वाटते.

ती बेडी किती कडक होती, हे पाहायचे असेल तर अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा' घ्यावी. ही कादंबरी १९५९ ची, म्हणजे अचेबे यांच्या कादंबरीनंतर एका वर्षाने आलेली. तिकडे एक विद्यापीठात शिकलेला तरुण आणि इकडे वाळवा तालुक्यातील वाटेगावचा, दीड दिवस शाळेत गेलेला मांगाचा मुलगा, जो मुंबईत चिरागनगरच्या झोपडीत राहून लिहीत होता. दोघांनी एकमेकांचे नावही ऐकले असेल असे वाटत नाही. तरी दोघांनी एकच गोष्ट सांगितली आहे, ती म्हणजे गाव, गावाचा देव, गावाची इभ्रत आणि वरून आलेले इंग्रजी राज्य.

फकिराचा बाप राणोजी शेजारच्या गावच्या जत्रेतील जोगणी आणायला जातो. ती आली तर जत्रेचा मान आपल्या गावाला मिळणार. तो जोगणी आणतो आणि त्यात मारला जातो. मान साऱ्या गावाचा, मरण मात्र मांगाचे, असे आम्हांस हे वाचताना वाटले. पुढे दुष्काळ पडतो, माणसे अन्नावाचून तडफडतात. सरकारने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना रोज हजेरी द्यावी लागते. १८७१ साली निघालेला आणि पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झालेला हा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला. फकिरा धान्य लुटतो, सरकारी खजिना लुटतो आणि उपाशी माणसांत वाटतो. अण्णाभाऊंनी सर्वच सवर्ण दुष्ट दाखवलेले नाहीत. उपाशी मांगांनी मरू नये, जगावे, असे सांगणारे विष्णुपंत कुलकर्णीही त्यात आहेत. शेवटी आपल्या माणसांना सोडवण्यासाठी फकिरा स्वतः होऊन सरकारपुढे हजर होतो. ही कादंबरी अण्णाभाऊंनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली आहे.

ओकोंक्वो आणि फकिरा शेजारी ठेवून पाहा. ओकोंक्वो सरकारी शिपायाला ठार करतो, पण गाव त्याच्या मागे उभे राहत नाही, आणि तो एकटाच झाडाला गळफास लावून घेतो. आत्महत्या केलेल्याला हात लावायचा नाही या रिवाजामुळे त्याच्याच गावाला त्याला पुरताही येत नाही. गावाचा सर्वांत मोठा माणूस मरणानंतर अस्पृश्य होतो! ओकोंक्वोला जपायची होती जुनी प्रतिष्ठा. फकिराला जपायची होती भुकेलेली माणसे. म्हणून एकाच्या मरणाशी त्याचे जग संपते आणि दुसऱ्याच्या मरणातून पुढच्यांना बळ मिळते.

आणखी एक गोष्ट. अचेबे यांनी ओसूंविषयी सहानुभूतीने लिहिले, पण ती कादंबरी ओकोंक्वोची, म्हणजे प्रतिष्ठित माणसाची आहे. ओसू तिच्यात दाराशी येतात, केस उतरवतात आणि गर्दीत मिसळून जातात. त्यांच्या घरात चूल कशी पेटत होती हे आपल्याला कळत नाही. मराठीत मात्र ओसूनेच लेखणी घेतली. शंकरराव खरात यांनी 'तराळ-अंतराळ' (१९८१) मध्ये आटपाडीच्या तराळाच्या घरची कथा लिहिली. ज्या बापाला विहिरीतील प्रेत काढायला जबरदस्तीने उतरवले, त्याचा मुलगा पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. अचेबे यांच्याच वर्षी, १९३० साली जन्मलेल्या बाबुराव बागुलांनी १९६३ साली 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह दिला. रेल्वेची नोकरी आणि परका मुलूख मिळाला तरी भाड्याच्या खोलीपर्यंत जात कशी पाठलाग करते, हे त्यांनी दाखवले. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. मराठीतील पहिल्या कादंबऱ्यांपैकी 'यमुनापर्यटन' (१८५७) बाबा पदमनजी यांनी ख्रिस्ती झाल्यावर लिहिली आणि तिच्यात विधवांचे दुःख मांडले. म्हणजे धर्मांतराने माणसाला बोलते करण्याची परंपरा आपल्या भाषेत जुनीच आहे. पण ज्याला देवळाच्या पायरीशीही उभे केले नाही, त्याने स्वतःच्या घराची कथा स्वतः सांगायला बाबासाहेबांचीच चळवळ यावी लागली.

धर्मांतराच्या रीतीतही फरक आहे. अचेबे यांची 'ॲरो ऑफ गॉड' (१९६४) ही दुसरी मोठी कादंबरी. तिच्यात एझेउलू हा मुख्य पुजारी आहे. गोऱ्यांचा सनदी मुखिया होण्यास नकार दिला म्हणून त्याला कोठडीत ठेवतात. त्यामुळे नव्या पिकाच्या सणाचा हिशेब चुकतो. तो हट्टाने सण पुकारत नाही, पीक शेतात कुजू लागते, लोक उपाशी मरू लागतात. तेव्हा चर्च सांगते की, तुमचे पहिले पीक आमच्या देवाला वाहा आणि बाकीचे निर्धास्त काढून घ्या. लोक तिकडे वळतात. देव एका सुगीत हरतो. पोटाच्या गरजेने ते धर्म बदलतात, त्यांना दोष कसा द्यावा?

आपल्याकडे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. १९३६ च्या मे अखेरीस मुंबईत महार परिषद भरवून धर्मांतर का करायचे, हे त्यांनी सविस्तर समजावले. प्रत्यक्ष दीक्षा झाली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला. मध्ये एकवीस वर्षे गेली. या काळात निरनिराळे धर्म तपासले गेले, वाद झाले, आमिषे दाखवली गेली आणि ती नाकारली गेली. त्यानंतर गावोगावी लोकांनी देव्हाऱ्यातील टाक आणि मूर्ती नदीत, विहिरीत सोडल्या. कोणाच्या भीतीने नव्हे, तर विचार करून. आणि ज्याच्या नावाने भीती घालावी असा कोणीही नवा देव बाबासाहेबांनी त्या रिकाम्या जागी ठेवला नाही. बावीस प्रतिज्ञा दिल्या. हे आपले मोठेपण आहे.

पण मोठेपण सांगून लेख संपवला तर तो अर्धाच होईल. अचेबे यांची १९६० ची 'नो लाँगर ॲट ईझ' ही कादंबरी आपल्याला तसे करू देत नाही. हिचा नायक ओबी हा ओकोंक्वोचा नातू, न्वोयेचा मुलगा. विलायतेत शिकून आलेला, लागोस शहरात सरकारी अधिकारी. क्लारा नावाच्या परिचारिकेशी त्याचे लग्न ठरायचे असते. ती एके दिवशी सांगते, मी ओसू आहे. ओबीला वाटते, आपले वडील तर ख्रिस्ती. जुन्या गावाचा अन्याय पाहूनच त्यांनी घर सोडले होते, ते नक्की हो म्हणतील. तो गावी जातो. आणि तोच न्वोये, ज्याला जुळ्या मुलांचे रडणे सहन झाले नव्हते, तो मुलाला सांगतो की, हे लग्न करू नकोस, ओसूपण हे महारोगासारखे आहे, तुझ्या मुलाबाळांना भोगावे लागेल. आई तर जीव देण्याची भाषा करते. लग्न मोडते.

ओसू प्रथा रद्द करणारा कायदा पूर्व नायजेरियात १९५६ साली झाला, म्हणजे आपल्या दीक्षेच्याच वर्षी. आपल्याकडे घटनेच्या सतराव्या कलमाने १९५० सालीच अस्पृश्यता नष्ट केली. कायदे झाले, धर्म बदलले, आणि तरीही लग्नाची वेळ आली की ओसू तो ओसूच. आम्ही बँकेत काम करतो. एखादे खाते एका शाखेतून दुसऱ्या शाखेत वर्ग केले म्हणून जुने कर्ज फिटत नाही, तेही मागोमाग येते. न्वोयेचे तसेच झाले आणि आमचे तसे झाले नाही, असे छातीवर हात ठेवून आम्हांस म्हणता येत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याच नात्यातील एका मुलीला स्थळ आले. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, नोकरीला. त्याच्या आजोबांनी मांगवाड्यात राहून धम्मदीक्षा घेतलेली, तिसरी पिढी बौद्ध. मुलीला मुलगा पसंत होता. बैठक बसली. पंचशील म्हणून सुरू झालेल्या त्या बैठकीत एका ज्येष्ठाने हळूच विचारले, "पण मूळचे कोण?" सगळे गप्प बसले. आम्हीही गप्प बसलो. स्थळ परत गेले. मुलाचे वडील जिना उतरताना सर्वांना हात जोडून "जय भीम" म्हणून गेले. त्या वेळी आम्ही ही कादंबरी वाचलेली होती, हे लिहिताना लाज वाटते. म्बान्टाच्या चर्चमध्ये ओसूंना अडवणारे नवख्रिस्ती आम्ही पुस्तकात ओळखले, पण आमच्या दिवाणखान्यात ओळखले नाहीत.

आपल्या काशीगावात आणि एकूणच मीरा-भाईंदरमध्ये कोकणातले, घाटावरचे, मराठवाड्यातले, विदर्भातले बौद्ध एकत्र राहतात. इकडचे मूळचे आगरी, कोळी, आदिवासी बांधव आणि पोर्तुगीज काळापासून ख्रिस्ती झालेले उत्तन-डोंगरीकडचे लोकही शेजारी आहेत. वंदनेला आपण एका ओळीत बसतो, जयंतीच्या मिरवणुकीत एकत्र चालतो. लग्नाच्या वेळी मात्र कोकणी की घाटी, कोणता जिल्हा, मूळची पोटजात कोणती, हे प्रश्न निघतात. घरात मुलाला ताप उतरेना की एखादी आजी दाराआड नारळ ओवाळते. त्या आजीला आम्ही दोष देत नाही. तिची भीती जुनी आहे आणि ती प्रेमापोटी आहे. पण पदवी घेतलेल्या आम्हां मंडळींना तेवढी सूट देता येणार नाही.

किआगासारखा माणूस प्रत्येक विहारात हवा. तो फार विद्वान नव्हता. दारात उभ्या असलेल्या माणसाला त्याने आत घेतले आणि आतल्यांना, तुम्हीही कालपर्यंत बाहेरच होता, याची आठवण दिली. धम्मदीक्षा घेतलेला मातंग असो, चर्मकार असो, भटका-विमुक्त असो, त्याला "मूळचे कोण" असे विचारणे म्हणजे उतरवलेले केस पुन्हा त्याच्या डोक्यावर चिकटवणे होय. भगवान बुद्धांच्या संघात नाभिक उपालि शाक्य राजपुत्रांच्या आधी प्रव्रजित झाला आणि त्या राजपुत्रांनी त्याला वंदन केले, ही कथा आपण मुलांना सांगतो. ती सांगताना आपला आवाज कापू नये, इतके तरी आपले घर स्वच्छ हवे.

आमच्या नात्यातील त्या मुलीचे अद्याप लग्न व्हायचे आहे. त्या मुलाचेही झालेले नाही, असे कळते. हा लेख छापून आल्यावर त्याची एक प्रत घेऊन आम्ही स्वतः त्या ज्येष्ठांकडे जाणार आहोत आणि तेथून त्या मुलाच्या वडिलांकडे. उशीर झाला आहे. ते काय म्हणतील हे ठाऊक नाही. पण या वेळी आम्ही गप्प बसणार नाही.

नमो बुद्धाय, जय भीम.